चिठ्ठ्या न टाकता तुलना: क्वासी एक्सपेरिमेंट कसं करायचं

एमएसडब्ल्यूची (समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाची) पोरं हमखास इथंच अडकायलेत म्हणून लिहायलो. खरा प्रयोग म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, कोणत्या गावाला योजना द्यायची अन् कोणत्याला नाही, पण जलयुक्त शिवारची (पाणी अडवायची-जिरवायची सरकारी योजना) गावं काय चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, मग जे झालंय त्यातूनच तुलना काढायची, हेच क्वासी एक्सपेरिमेंट.

आता नुसतं 2015 अन् 2016 चं विहिरीचं पाणी मोजून योजनेला श्रेय देऊ नका. 2015 ला दुष्काळ होता (एप्रिल 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं) अन् 2016 ला पाऊसच दणकून झाला. म्हणून शेजारचं, तसलीच जमीन असलेलं बिनयोजनेचं गाव घ्या. समजा योजनेच्या गावात पाणी 4 मीटर वर आलं, शेजारी 3, तर योजनेचा वाटा 1 मीटर, 4 नाही. याला डिफरन्स-इन-डिफरन्स म्हणतात.

पण योजना नसती तर दोन्हीकडं पाणी सारखंच वरखाली झालं असतं, ही अट लई महत्त्वाची, म्हणून आधीची चार-पाच वर्षं पण बघा. अन् एकाच जोडीवर थांबू नका, पाच-पंचवीस गावं तरी घ्या.