ओरखडा आधी दाखवा: जपानमध्ये जुन्या वस्तू विकताना

पुण्यात जपानी शिकून एन-थ्री ही भाषेची परीक्षा पास होऊन मी तोक्योला आले, पण 'किझु' हा शब्द खऱ्या अर्थाने समजला तो निशि-कासाईच्या खोलीत, भाताचा कुकर विकायला काढला तेव्हा. किझु म्हणजे ओरखडा. मेरुकारी या जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर वस्तू टाकताना तिची अवस्था सहा पर्यायांतून निवडावी लागते. तिसरा पर्याय आहे 'डोळ्यात भरणारा ओरखडा किंवा डाग नाही', चौथा 'थोडे ओरखडे-डाग आहेत'. माझं बोट तिसऱ्यावर होतं. जुनी वस्तू विकताना 'एकदम नव्यासारखी आहे' असं म्हणायची आपल्याला सवयच असते.

शेजारच्या ताईंनी भांडं हातात घेतलं, खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं. तळाशी लेप निघाल्याची दोन बारीक रेघोट्यांची जागा दिसली. "याचाच फोटो काढ, शेजारी दहा येनचं नाणं ठेव, म्हणजे केवढं आहे ते कळेल," त्या म्हणाल्या. मी चौथा पर्याय निवडला, नाण्याचा फोटो लावला, आणि कुकर त्याच रात्री गेला. इथला गिऱ्हाईक दोष दिसला म्हणून पळत नाही. न सांगितलेला दोष घरी पोचल्यावर सापडला, तर मात्र दुखावतो.

हिशेब आधी करा, मग किंमत टाका. कुकर ३,००० येनला गेला. १० टक्के म्हणजे ३०० येन ॲपचे, ८० आकाराच्या खोक्याचं पाठवणीचं भाडं ८५०. हातात उरले १,८५०. भाड्याचे दर बदलत राहतात, ते ॲपमध्येच बघून घ्या. आकार म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज, सेंटिमीटरमध्ये. पुस्तकं, पातळ कपडे यांसाठी 'नेकोपोसु' ही पाठवणी स्वस्त पडते, पण जाडी ३ सेंटिमीटरच्या आत हवी. शंभर येनच्या दुकानात त्यासाठी खाच पाडलेली मोजपट्टी मिळते, ती घेऊन ठेवा.

पाठवणं मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच सोपं निघालं. सेव्हन-इलेव्हनच्या काउंटरवर फोनमधला बारकोड दाखवायचा. छापील चिठ्ठी आणि पारदर्शक पाकीट मिळतं, ते खोक्यावर चिकटवून द्यायचं. पत्ता हाताने लिहावा लागत नाही. ॲपची निनावी पाठवणी निवडली, तर घेणाऱ्याला तुमचं नाव-पत्ता कळत नाही, तुम्हालाही त्याचं नाही. एकटीने राहणाऱ्या मुलींनी हाच मार्ग धरावा असं मी आग्रहाने सांगेन.

आता जॅकेटची गोष्ट. एका खोलीच्या घरात माझे कपडे शेगडीपासून चार पावलांवर टांगलेले असत. हिवाळी जॅकेट धुवून, घडी घालून पाठवलं, आणि 'झान्नेन दात्ता', म्हणजे निराशा झाली, असा शेरा आला. मसाल्याचा वास येतो, असं त्या बाईंनी अगदी नम्रपणे लिहिलं होतं. रोजच्या फोडणीचा वास आपल्या नाकाला जाणवेनासा होतो. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, मी पैसे परत केले. तेव्हापासून कपडे दोन दिवस बाल्कनीत वाऱ्यावर ठेवते, आणि वर्णनात लिहिते की घरात मसाल्यांचा स्वयंपाक होतो, 'निओइ नि बिन्कान ना काता वा गोएन्र्यो कुदासाइ'. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी कृपया घेऊ नये. सिगारेट किंवा मांजर असलेल्या घरातले जपानी विक्रेतेही असंच लिहितात.

गिऱ्हाईकाचे पैसे आधी ॲपकडे जमा होतात. वस्तू मिळाल्यावर ते शेरा देतात, मग तुम्ही द्यायचा, तेव्हा पैसे तुमच्या खात्यात दिसतात. बँकेत वळवताना २०० येन कापले जातात. इथे आपली एक खास अडचण: पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, त्यामुळे काताकाना या जपानी लिपीतलं नाव लांबलचक होतं. बँकेच्या खात्यावर ज्या क्रमाने आहे, अक्षरन्‌अक्षर तसंच भरा, नाहीतर पैसे परत फिरतात.

विजेच्या वस्तूंचं एक लक्षात ठेवा. पूर्व जपानात ५० हर्ट्झ, पश्चिमेत ६०. काही जुने मायक्रोवेव्ह एकाच बाजूला चालतात, म्हणून मागच्या पट्टीचा फोटो द्या. फ्रिज आणि वॉशिंग मशीन कचऱ्यात टाकायलाही पैसे मोजावे लागतात. ते जिमोती या स्थानिक देवाणघेवाणीच्या साइटवर जवळपासच्या कुणाला फुकट दिले तरी फायद्याचंच. मार्चमध्ये घरं बदलणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा पटकन जातात.

आपल्या वापरातलं विकायला परवाना लागत नाही. पण विकण्यासाठी म्हणून जुनं विकत घ्यायला लागलात की तो धंदा झाला. त्याला पोलीस ठाण्यामार्फत 'कोबुत्सु', म्हणजे जुन्या वस्तूंचा, परवाना लागतो, आणि तुमच्या व्हिसात ते बसतं का, हा वेगळाच प्रश्न. विद्यार्थ्यांनी यात पडू नये. औषधंही टाकू नका, भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा नाहीत.

सुरुवात जपानी परीक्षेच्या पुस्तकापासून करा. पातळ असतं, मोडत नाही, घेणारा हमखास मिळतो. फक्त आत पेन्सिलीने काही लिहिलं असेल, तर 'काकिकोमि आरि', म्हणजे आत लिहिलेलं आहे, असं लिहा आणि कुठल्या पानांवर तेही सांगा.