'आर्म्स अँड द मॅन' गावच्या मंडईत बसवायचं असेल तर

दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू झाल्या की आमच्या गडचिरोलीतल्या आरमोरी-कुरखेड्याच्या पट्ट्यात गावोगाव नाटकं लागतात. वडशाच्या नाटक कंपन्या येतात, तशी गावची मंडळंही स्टेज गाजवतात. अशा मंडळानं जॉर्ज बर्नार्ड शॉचं हे नाटक जरूर करावं. मी ते बसवते, म्हणून पहिल्या तालमीआधीच सांगते : कोणत्याही नटाला हसू मागू देऊ नका. प्रत्येक पात्र स्वतःला शंभर टक्के खरं मानून बोललं, तरच हे नाटक हसवतं.

गोष्ट १८८५ च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धातली आहे. नाटक लंडनला १८९४ मध्ये आलं. बल्गेरियन मेजर पेटकॉफची मुलगी रायना खुशीत आहे, कारण तिचा होणारा नवरा सर्जियस घोडदळ घेऊन शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला आणि जिंकला. खरं तर शत्रूकडे चुकीची काडतुसं आली होती, म्हणून तो वाचला. हे तिला कळतं त्याच रात्री तिच्या खोलीत शिरलेल्या ब्लंट्श्लीकडून. तो सर्बियाकडून लढणारा भाडोत्री स्विस शिपाई, काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगणारा.

गोळीबाराचा आवाज नीट ठरवा. प्रेक्षक तणसावर, धानाच्या वाळल्या पेंढ्यावर बसलेले असतात, तेव्हा फटाके अजिबात नकोत. पडद्यामागं जाड फळी जमिनीवर आपटा, मध्ये मोठी शांतता सोडा. पोलीस पाटलाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. आमच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात रात्रीच्या गोळीचा अर्थ लोकांना शिकवावा लागत नाही. म्हणून ब्लंट्श्लीची भीती विनोदी करू नका. तीन दिवस मारा सोसलेला माणूस आहे तो. हात कापत असताना तो चॉकलेट अधाशासारखा खातो, ते खरं खाऊ द्या. चॉकलेटच्या जागी चिवडा-लाडू आणू नका. आपल्याकडच्या पोरांनाही चॉकलेट ठाऊक आहे, आणि शिपायाच्या कमरेला ते शोभत नाही हेच तर दिसायला हवं.

रायना आणि सर्जियसचं प्रेम मात्र पूर्ण गळा लावून, आपल्या ऐतिहासिक नाटकांच्या थाटात होऊ द्या. लोक तो थाट ओळखतात आणि मानतातही. रायना टोपी आणायला आत जाते, तेव्हा सर्जियसनं दोन श्वास गप्प उभं राहावं, खांदे सोडावेत आणि मग मोलकरीण लुकाला म्हणावं की असं उच्च प्रेम फार दमवतं. तिसऱ्या अंकात ब्लंट्श्ली रायनाला तोंडावर सांगतो की तुमचा भारावलेला आवाज मला आवडतो, पण त्यातला एक शब्दही मला पटत नाही. त्या क्षणी रायनाला टांगलेल्या माईकच्या बरोबर खाली आणा. तिचा खरा, हलका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे.

आता लुका. माझा सगळा जीव या भूमिकेत आहे. मोलकरणीची भूमिका आली की ती विनोदी नटीला द्यायची सवय आपल्याला आहे. इथं तसं केलंत तर नाटक गेलं. आमच्या मंडळात लुका करणारी पोरगी पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जाते. तिनं तालमीत विचारलं, "बाई, हे भांडते म्हनून लोकायनं हासाचं, का हिचं खरं हाय म्हनून आयकाचं?" ऐकायचं, मी म्हटलं. सर्जियस लुकाचा दंड इतका जोरात धरतो की वळ उठतो. पुढं तो त्या वळावर ओठ टेकून दुखणं घालवायला बघतो, आणि ती ठाम नकार देते. तो नकार सरळ उभं राहून, मान न वाकवता द्यायचा. लग्नाचं वचन ती त्याच्याकडून त्याच्याच शब्दात पकडून घेते, लाडीगोडीनं नाही.

बोलीचंही पाहा. आपल्या भागातली झाडीबोली एकट्या लुकाला देऊ नका, तो तिचा अपमान होईल. घरात सगळेच बोलीत बोलोत. सर्जियस रायनापुढं पुस्तकी बोलेल, आणि लुकाशी एकटा असताना त्याच्या तोंडी आपसूक बोली येईल.

नोकर निकोला हा विदूषक नव्हे. मालकिणीची लबाडी झाकायला तो दोष स्वतःवर घेतो, शिव्या खातो. लुकाशी त्याचं लग्न ठरलेलं असतं, पण पुढं राजधानी सोफियात दुकान टाकायचं म्हणून तो हक्कही सोडतो. बायकोपेक्षा गिऱ्हाईक म्हणून ती जास्त कामाची, असा त्याचा हिशेब. हा हिशेब शांतपणे सांगू द्या.

शेवटी ब्लंट्श्ली बापाच्या हॉटेलांची यादी वाचतो : दोनशे घोडे, सत्तर गाड्या, हजारोंनी चादरी. ती कापू नका. धान मोजावं तशी एका लयीत वाचू द्या. काही वेळापूर्वी नाक मुरडणारी रायनाची आई त्या आकड्यांनी कशी मऊ होते, तिकडं प्रकाश ठेवा. मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा वाडा पाहिलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

मंडईची कमिटी लावणीचा आग्रह धरेलच. ती नांदीच्या आधी ठेवा, अंकांच्या मध्ये नको. नाटक तीनच अंकांचं आहे. दहाला पडदा उघडला तर पहाटेपर्यंत ताणायची गरज नाही, हे कमिटीला सुपारी घेतानाच सांगून टाका.