जीवसंख्येच्या वाढीचा अभ्यास करताना या चुका टाळा

जीवसंख्येच्या, म्हणजे एका जागी राहणाऱ्या एकाच जातीच्या जिवांच्या संख्येच्या, वाढीचे आलेख तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यांतील बहुतेक चुका मोजणी पुरी होण्याआधीच सूत्र लावण्याच्या घाईतून होतात.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे धारणक्षमतेला, म्हणजे एखादी जागा जास्तीत जास्त किती जीव पोसू शकते त्या मर्यादेला, कायमची आखलेली रेषा समजणे. बेल्जियन गणितज्ञ व्हेर्हुल्स्ट यांनी १८३८ साली मांडलेल्या जीवसंख्या-वाढीच्या समीकरणात वक्र त्या रेषेजवळ अलगद सपाट होतो, म्हणून प्रत्येक जीवसंख्या तिथे शहाण्यासारखी थांबेल असे गृहीत धरले जाते. बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडण्यात आले; १९६३ पर्यंत ते सुमारे ६,००० झाले आणि १९६६ मध्ये केवळ ४२ उरले. सावकाश वाढणारे लायकेन (दगडफूल) त्यांनी आधीच खाऊन संपवत आणले होते, आणि त्यातच अतिशय कडक हिवाळा आला. म्हणजे बेटाची धारणक्षमता कळपानेच खाली आणली होती. यासाठी मी आलेखावर ती रेषा शेवटी काढतो, आणि तीही पेन्सिलीने.

दुसरी चूक माझ्या डोळ्यांदेखत घडली. दोन विद्यार्थ्यांनी साखरेच्या द्रावणात यीस्ट वाढवून सहा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या आणि आलेख अगदी पुस्तकातल्यासारखा आला. 'जीवसंख्या स्थिरावली' या निष्कर्षाखाली मीही खुशाल सही केली. सातव्या दिवशी सहज म्हणून त्याच द्रावणाच्या थेंबात मेथिलीन ब्लू हा मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग टाकला, तर बहुतेक पेशी निळ्या दिसल्या, म्हणजे मेलेल्या! साखर सरली होती, अल्कोहोल साचले होते, आणि आम्ही जिला स्थिर जीवसंख्या म्हणत होतो ती मुख्यतः प्रेतांची मोजदाद होती. तेव्हापासून प्रत्येक नमुना रंगवून जिवंत आणि एकूण पेशींचे दोन वेगळे रकाने भरण्याचा माझा शिरस्ता आहे. एवढा वेळ नसेल त्याने हा प्रयोग हाती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकूण वाढ आणि दरडोई वाढ यांची गल्लतही नेहमीची आहे. धारणक्षमता १,००० आणि कमाल दरडोई वाढदर ०.५ धरला, तर व्हेर्हुल्स्ट यांच्याच समीकरणानुसार १०० जीव असताना एकूण वाढ ४५, ५०० असताना १२५ आणि ९०० असताना पुन्हा ४५ येते. दरडोई वाढ मात्र ०.४५, ०.२५, ०.०५ अशी सुरुवातीपासूनच घटत जाते. आकडे मांडून पाहण्याऐवजी वक्राचा आकार पाठ करणाऱ्यांना हे कधीच उमगत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. दर २० मिनिटांनी दुप्पट होणाऱ्या एका जिवाणूचे २४ तासांत ७२ वेळा दुपटीकरण होईल असे लिहिण्यापूर्वी, एका पेशीचे वजन एक पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) धरले तरी सगळ्या पेशींचे मिळून वजन सुमारे ४,७०० टन भरते, हे पाहावे. पूर आणि थंडीची लाट गर्दी पाहून येत नाहीत. अन्नटंचाई आणि संसर्गजन्य रोग यांचा जोर मात्र गर्दीबरोबर वाढतो, म्हणून सगळ्या मृत्यूंची कारणे एकाच रकान्यात कोंबू नयेत. संख्या फार कमी असेल तर जोडीदारच सापडत नाही आणि वाढ मंदावते, हेही विसरू नये. शिवाय खुल्या अधिवासातील संख्या घटली की लगेच मृत्युदराकडे बोट दाखवण्याआधी, किती प्राणी बाहेर निघून गेले याची नोंद आहे का, ते मी आधी विचारतो. बहुतेक वेळा ती नसते.