पाचटाचा गॅस करताय? मग या चुका टाळा

ऊस तुटला की फडाला काडी लावायची सवय आपल्या कोल्हापूर भागातनं अजून गेलेली नाही, त्यामुळं कुणी पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा, बायोगॅस करतो म्हणालं की मला मनापासनं बरं वाटतं. पण बंद पडलेले जे प्लांट मी बघितलेत त्यातले बहुतेक एकदोन चुकांनीच बसलेत, आणि त्या दोन्ही घाईच्या आहेत.

पहिली म्हणजे पाचट हाय तसं टाकीत ढकलणं. पाचट तरंगतं, वर जाड थर धरतं, गॅस त्याच्याखाली अडकतो आणि इनलेट, म्हणजे शेण आत घालायचं तोंड, चोक होतो ते वेगळंच. शिवाय जिवाणूंना नत्राच्या 20 ते 30 पट कर्ब लागतो, शेणात तो 25 पटीच्या आसपास असतो म्हणून शेण बरोबर चालतं, पाचटात मात्र तो 100 पटीच्या घरात जातो. म्हणजे घरच्या प्लांटमध्ये नुसतं पाचट चालणार नाही, शेण पाहिजेच. मी पाचट कुट्टी मशीनमधनं बारीक काढतो, जुन्या स्लरीत, म्हणजे प्लांटमधनं बाहेर पडलेल्या पातळ शेणात, भिजवून ढीग कागदानं झाकून आठवडाभर तरी ठेवतो, आणि मग शेणात थोडं थोडं मिसळतो. सुरुवातीला दहा घमेली शेणाला एक घमेलं, त्यावर नाही. कुट्टीचा कंटाळा असेल तर पाचट सरीत आच्छादन म्हणून राहू द्या, तेही चांगलंच आहे, पण टाकीत अख्खं नको.

दुसरी चूक गोडाची. कागल तालुक्यातल्या एका पाव्हण्यांनी 2 घनमीटरचा दीनबंधू, म्हणजे जमिनीतल्या पक्क्या घुमटाचा, प्लांट बांधला, शेणानं भरला, आणि पहिला गॅस पेटेना. पेटत नाहीच तो, सुरुवातीला त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो सोडून द्यायचा आणि वाट बघायची. पण यांना कुणीतरी सांगितलं गोड टाका, गॅस लगेच येतो. शेजारी गुऱ्हाळ, मग रस उकळताना वर येणारी मळी बादल्यांनी ओतली. गॅस आला की भरपूर, पण पेटेना, मग स्लरीला फेस, आंबूस वास, आणि शेवटी सगळंच थंड. मला बोलवलं तेव्हा आम्लता बघायची पीएच पट्टी साडेपाच, म्हणजे आंबट, दाखवत होती, पाहिजे 7 च्या आसपास. साखरेचं आम्ल करणारे जिवाणू लई वेगानं वाढतात, मिथेन करणारे हळू, आणि आम्ल वाढलं की ते कामच थांबवतात. म्हशीला एकदम पोतंभर भरडा घातला तर पोट बिघडतं, तसंच हे. सगळं टाकणं बंद केलं, चुन्याची निवळी थोडी थोडी सोडली, चालू प्लांटची स्लरी आणून घातली. पुढं पावसाळा लागला तेव्हा कुठं शेगडी पेटली. गोड टाकून गॅस लवकर काढायचे सल्ले देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण निस्तरायला ते येत नाहीत.

बाकीच्या पटापटा सांगतो. शेण आणि पाणी समान घ्या, पातळ करू नका. गोठा फिनाईलनं धुतलेलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. 2 घनमीटरला रोज साधारण 50 किलो शेण लागतं, दोन जनावरांवर एवढा प्लांट बांधू नका. शेगडी फडफडत असेल तर पाइपात पाणी साठलंय, सखल जागेचा कॉक उघडून काढा. थंडीत गॅस कमी येतो, म्हणून जास्त खाद्य कोंबू नका. गळती साबणाच्या फेसानं बघा, काडी ओढून कधीच नाही. आणि टाकी रिकामी दिसली तरी आत उतरू नका, आतल्या गॅसनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि काढायला उतरलेला दुसराही जातो.

स्लरी उन्हात वाळवत ठेवणारे पण बघितलेत, त्यात नत्र उडून जातं. मी ती ओलीच सरीत पाण्याबरोबर सोडतो, नाहीतर उरलेल्या पाचटावर थर देऊन कुजवतो.