इलेक्ट्रिक गिटार घेताय? लाकूड आणि पिकअपच्या या चुका टाळा

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो की माझ्या गिटारचा टोन वॉर्म आहे कारण बॉडी महॉगनीची आहे. मग व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर, खरखर करायला लागला म्हणून मागचं झाकण उघडलं, तर आत जिथे रंग पोचला नव्हता तिथे लाकूड चक्क पांढुरकं, महॉगनीचा तो लालसर तपकिरी रंग शोधूनही सापडेना. सोल्डरिंग आयर्न हातात धरून पाच मिनिटं नुसता बघत बसलो. टोन मात्र कालचाच!

तर पहिली चूक हीच, लाकडाच्या नावावर गिटार घेणं. अकूस्टिकमध्ये लाकूडच आवाज करतं, पण इलेक्ट्रिकमध्ये तारांखालचा पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली वायरची कॉइल, स्टीलच्या तारेचं हलणं पकडतो आणि तेच अँपला जातं. लाकडाने काहीच फरक पडत नाही असं नाही म्हणत मी, त्यावर कॉलेज रोडच्या कट्ट्यावर रात्र काढता येईल, पण पिकअप आणि अँपपुढे तो फरक किरकोळ. लाकडाचं वजन मात्र बघा, दुकानात पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहून वाजवा, खांदा काय ते सांगेल.

दुसरी चूक, सिंगल कॉइलच्या, म्हणजे एकाच कॉइलवाल्या पिकअपच्या, हमला (घूं घूं आवाजाला) फॉल्ट समजणं. माझ्या मामेभावाने स्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी, तीन सिंगल कॉइलची) गिटार घेतली आणि त्याच संध्याकाळी फोन, दादा पीस खराब निघाला, नुसतं घूं घूं करतोय. पंचवटीत त्यांचा जुना वाडा, खोलीत अर्थिंग नाही, डोक्यावर जुना फॅन रेग्युलेटर. तारांना हात लावला की घूं कमी व्हायचं, म्हणजे गिटारचं ग्राउंड ठीक होतं. अँप स्वयंपाकघरात फ्रिजच्या अर्थिंगवाल्या थ्री पिनला लावला, खुर्ची जरा तिरकी फिरवली, आणि बराचसा आवाज गेला. मामी वैतागली ते वेगळं.

आपल्या विजेचा ५० हर्ट्झ सिंगल कॉइल पकडणारच. म्हणून तर गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हमबकर काढला, दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या, चुंबकाचे ध्रुवही उलटे, त्यामुळे तारेचा आवाज जोडला जातो आणि हम आपसात कटतो. जास्त गेनवर (अँपमध्ये सिग्नल खूप वाढवून) मेटल वाजवणार असाल तर सरळ हमबकर घ्या, गेनबरोबर हमही वाढतो. दोन्ही हवं असेल तर एचएसएस, म्हणजे ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात तिथे) हमबकर आणि बाकी दोन सिंगल. आणि तीन सिंगलवाल्या बऱ्याच गिटारमध्ये मधली कॉइल उलटी असते, पिकअप निवडायचा स्विच २ किंवा ४ वर टाकून बघा, म्हणजे मधली आणि शेजारची एकत्र वाजतात, हम गायब.

आता पिकअप बदलायची घाई. आधी उंची बघा राव! शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर मोजा, स्ट्रॅटला जाड तारेकडे २.४ मिमी आणि बारीक तारेकडे २ मिमीपासून सुरू करा. सिंगल कॉइल फार जवळ असली तर चुंबक तारेला ओढतं, वरच्या फ्रेटवर नोट डगमगते आणि आपण उगाच ट्यूनरला शिव्या घालतो.

बदललेच पिकअप तर पॉटही बघा, सिंगलला २५० के (किलोओहम), हमबकरला ५०० के. हमबकरला २५० के ठेवलात तर ट्रेबल दबतो आणि मग परत कोणीतरी म्हणणार, लाकूडच डल आहे.