ऐन वेळी पाय मागे घेता यावा, म्हणून घरी करायची तालीम

गेली २२ वर्षं मी कोल्हापुरात नववी-दहावीला शिकवते. पालकसभेत हमखास एक वडील उठतात, "मॅडम, पंचविशीपर्यंत मेंदू पिकतच नाही म्हणे. मग या पोरांना काही विचारायचं तरी कशाला?" दुसऱ्या बाजूला 'मुलाचे मित्र व्हा' असं सांगणारे असतातच. अहो, मित्र त्याला पुष्कळ आहेत, दुखणं तिथंच आहे!

मित्रांच्या घोळक्यात धोक्याच्या गोष्टीला पोराला नाही म्हणता यावं, म्हणून मी घरी करते ते असं.

१. निर्णयाची जात ओळखा

दहावीनंतर कुठली शाखा, साठवलेल्या पैशांतून सायकल की मोबाइल, हे निवांत बसून घ्यायचे निर्णय. यात सोळाचं पोरगं मोठ्या माणसाइतकाच धड विचार करतं. भारतासह ११ देशांतल्या पाच हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं. मात्र भरात असताना स्वतःला आवरणं, हे अठरानंतरही पिकत राहतं. पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत कुठलं बटण दाबलं जात नाही.

म्हणजे पहिल्या जातीचे निर्णय त्याला घेऊ द्या, चुकले तरी. प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे. पाऊस लागलाय, चार पोरं जमलीत, कुणाच्या तरी भावाची गाडी आहे आणि किल्ली हातात. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली लोकांना गाडी चालवायचा एक खेळ खेळायला दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, एवढाच प्रश्न. सोबती बघत असले की १३ ते १६ वयाच्या पोरांनी एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. चोविशीपुढच्यांना सोबत्यांनी फरक पडला नाही. पोरांना धोका कळत नव्हता असं नाही. बक्षिसाची, शाबासकीची ओढ वयात येतानाच जोर धरते आणि कपाळामागचा आवर घालणारा भाग सावकाश तयार होतो. बैल आधी जुंपलाय, कासरा मागाहून हाती येणार आहे. म्हणून 'विचार करून वाग' हा सल्ला फुकट. विचार आदल्या आठवड्यातच झालेला हवा.

२. जागा नेमक्या ठरवा

नुसतं 'वाईट संगत' म्हणू नका, पोरगं कुठं अडकेल ते नेमकं ठरवा. आमच्याकडे तीन जागा निघाल्या: पन्हाळ्याला ट्रिपल सीट, पुराच्या पाण्यात उडी, मिरवणुकीनंतरचा दारूचा पहिला घोट.

३. कायदा एकदाच सांगा

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. बाकी खासगी गाड्यांना अठरा. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पोरांना हे सबब म्हणून फार उपयोगी पडतं.

४. नकार तोंडानं म्हणवून घ्या

समोरासमोर बसवू नका. मटार सोलताना, नाहीतर गाडीवर मागं बसवून. मी त्याच्या मित्राचं सोंग घेते, "ए भावा, चल की, घाबरलास व्हय?" पहिल्यांदा लेक हसतो, मग म्हणतो, "आई, असं कुणी बोलत नाही." मग कसं बोलतात ते त्यालाच विचारायचं. त्याच्या तोंडात बसणारं वाक्य त्यालाच सापडतं. माझ्या मुलाचं होतं, "माझा बाप गाडी विकंल रे." चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणवून घ्या. मनातल्या मनात केलेली तालीम ऐन वेळी तोंडात येत नाही.

५. सुटकेचं वाक्य

तरीही अडकलाच, तर फोन करायचा, "आई, आजीच्या गोळ्या आणायच्यात का?" आपण मोठ्यानं ओरडायचं, "आत्ता ये घरी!" आणि कुठं आहे विचारून निघायचं. शिव्या आपण खायच्या, त्याची इज्जत शाबूत.

६. परतीचा रस्ता

इथं सगळे घसरतात. मीही.

मुलगा नववीत असताना जुलैत त्याचा पहिला फोन आला, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळहून. मी रेनकोट चढवला, गेले, तो गाडीवर मागं बसला. तिथपासून रंकाळ्यापर्यंत माझं तोंड बंद नव्हतं. कोण कोण होतं, गाडी कुणाची, तुला कितीदा सांगितलं. तो एक अक्षर बोलला नाही. पुढचे आठ महिने एकही फोन नाही आणि मी खूश, पोरगं सुधारलं म्हणून. नंतर कळलं, त्या आठ महिन्यांत तो दोनदा ट्रिपल सीट बसून गेला होता. फोन करून काय मिळतं, ते मीच त्याला शिकवलं होतं.

तेव्हापासून नियम एकच: परतीच्या रस्त्यावर फक्त 'भूक लागलीय का?' एवढंच विचारायचं. सुस्कारा नाही, आरशातून बघणं नाही, घरी पोचल्यावर 'हं, बोल आता' नाही. ज्याला गप्प बसता येतं त्यालाच आणायला पाठवा. आमच्याकडे ते काम नवऱ्याकडे गेलं. मित्रांची नावं विचारू नका, त्यांच्या आयांना फोन लावू नका. अपवाद एकच, कुणी पिऊन गाडीवर बसत असेल तर. तेव्हा मी फोन करणारच, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असावं.

'म्हणजे सगळं माफ का?' असं पालक विचारतात. माफ नाही, उधार. वसुली उद्या.

७. दुसऱ्या दिवशी

झोप आणि नाश्ता झाल्यावर दहा मिनिटं. एकच प्रश्न: 'कुठल्या वळणावर सहज निघता आलं असतं?' उत्तर आलं की उठा.

८. वाक्य वर्षाला बदला

मित्र मूर्ख नसतात. आमचं गोळ्यांचं बिंग दहावीच्या सुट्टीत फुटलं. वर आजीच्या कानावर गेलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर फोन करता, गोळ्या मात्र संपलेल्याच!" सध्या गॅसचं सिलिंडर चालू आहे.