किनाऱ्यावरच्या जुन्या घराचे पहाटेचे फोटो : या चुका टाळा

गोव्याचा किनारा पश्चिमाभिमुख. कोलव्यासारख्या गावात उन्हाळ्यात हवापालटासाठी बांधलेली जुनी घरंही बहुतेक समुद्राकडेच तोंड करून असतात. तरी लोक सकाळचं कोवळं ऊन मिळेल म्हणून सातला पोचतात आणि थेट दर्शनी बाजूसमोर उभे राहतात. ऊन तेव्हा घराच्या पाठीवर असतं. बलकांव (दारापुढचा, बसायला बाकं असलेला ओटा) काळवंडलेला, वर आभाळ पांढरंफटक. एडिटिंगमध्ये सावली उचलली की रंग मातकट होतात.

दर्शनी बाजू सूर्योदयाच्या 20 ते 10 मिनिटं आधीच उरका. (मेमध्ये सूर्योदय साधारण 6 ला, जानेवारीत 7 नंतर.) ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ते) 100, एफ/8 (लेन्सच्या छिद्राचं माप), शटर 8 सेकंदांपासून सुरू करा आणि उजाडेल तसं कमी करत पाव सेकंदापर्यंत आणा. माडाच्या झावळ्या हलत असतील तर आयएसओ 800 करून, शटरचा वेळ तेवढा कमी करून आणखी एक फोटो घ्या. शिंपल्यांची तावदानं असतील तर घरमालकांना विचारून आत एक मंद पिवळा दिवा लावा. प्रत्येक शिंपला वेगळा उजळतो, कडेच्या लाकडी पट्ट्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. एकदा बाहेर ऊन पडलं की हीच तावदानं खडूसारखी निर्जीव दिसतात. दिवा प्रखर असेल तर मात्र नुसता पांढरा डाग येतो.

सूर्य वर आला की मागच्या अंगणात जा. मेअखेरीस तो पूर्वेच्या साधारण 20 अंश उत्तरेकडून उगवतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीवर तिरकं ऊन घासून जातं, डिसेंबरात दक्षिणेच्या. गिलावा नसलेल्या चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भोकं पहिल्या अर्ध्या तासातच नीट दिसतात.

चुन्याची पांढरी भिंत फ्रेमभर असेल तर कॅमेरा ती राखाडी करतो. एक्स्पोजर +0.7 ते +1 ठेवा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटू देऊ नका. व्हाइट बॅलन्स (फोटोचा पिवळा-निळा कल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर नको, 5200 केल्विन ठेवा. नाहीतर उन्हाचा पिवळेपणा कॅमेराच धुऊन टाकतो.

खांब आत झुकलेले दिसतात, कारण छप्पर मावावं म्हणून कॅमेरा वर कललेला असतो. मागे सरका, कॅमेरा समपातळीत ठेवा, खाली जास्तीचं अंगण आलं तर नंतर कापा.

सगळ्यात जास्त पहाटा वाया जातात त्या मात्र एसीमुळे. थंड खोलीतून दमट हवेत काढलेल्या लेन्सवर लगेच वाफ धरते, आणि पुसली तरी पुन्हा धरते. बॅग रात्रीच बिनएसीच्या खोलीत ठेवा. राहून गेलं असेल तर बाहेर आणल्यावर बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, आणि तोवर लेन्स अजिबात बदलू नका.